दोनशे अश्वशक्तींच्या पुढे: टर्बो हॅचबॅकमधील घरगुती फेरफार

रोजच्या वापरातील आटोपशीर, मागे वर उघडणारे दार असलेल्या गाडीत अधिक ताकदीचे इंजिन बसवून तिला वेगवान करण्याची कल्पना युरोपात १९७०च्या दशकात रुजली आणि अशा गाड्या पुढे ‘हॉट हॅच’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. फोक्सवॅगन कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेली गोल्फ जीटीआय ही या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. सुमारे ८१० किलो वजनाच्या या गाडीचे १.६ लिटरचे इंजिन ११० अश्वशक्ती देत असे, आणि कंपनीने आरंभी केवळ ५,००० गाड्यांचा अंदाज बांधला असला, तरी पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. अशा गाडीत आपल्या हाताने फेरफार करण्याचा छंदही तिच्याबरोबरच वाढला. ब्रिटन आणि जर्मनीत घराशेजारच्या गॅरेजमध्ये सुटीच्या दिवशी चालणाऱ्या या कामाला पुढे स्वतंत्र मासिके, सुट्या भागांची बाजारपेठ आणि मेळावे लाभले. ऑस्ट्रियातील व्योर्थरझे सरोवराकाठी १९८२ पासून भरू लागलेला जीटीआय मालकांचा मेळावा त्यांतील सर्वांत मोठा ठरला.

त्या काळातील इंजिनातून पंधरा-वीस अश्वशक्ती अधिक काढायची, तर कॅमशाफ्ट बदलणे, सिलिंडर हेडमधील हवेचे मार्ग घासून रुंद करणे, कार्ब्युरेटर किंवा इंधन-यंत्रणा नव्याने जुळवणे, अशी कसबी आणि खर्चीक कामे करावी लागत, आणि एवढे करूनही इंजिन कमी वेगात अडखळत चालण्याची शक्यता असे. टर्बोचार्जर सर्रास वापरात आल्यावर हे गणित उलटले. आज संगणकीय आज्ञावली बदलून तासाभरात चाळीस अश्वशक्ती वाढवता येतात. परंतु ती वाढीव ताकद इंजिनाचे इतर भाग, गिअरबॉक्स, टायर आणि ब्रेक यांनी पेलायची असते, आणि त्यांची तयारी मात्र तासाभरात होत नाही. घरगुती फेरफारांतील बहुतेक यश आणि बहुतेक नासधूस या एकाच तफावतीतून जन्माला येते. ती समजून घेण्यासाठी पाचव्या पिढीतील गोल्फ जीटीआय हे उत्तम उदाहरण आहे. २००४ मध्ये आलेल्या या गाडीत दोन लिटरचे, थेट इंधन-फवारणीचे टर्बो इंजिन होते, त्याची निर्मिती मोठ्या प्रमाणावर झाली, आणि दोन दशकांच्या वापरातून त्याचे गुणदोष पुरते उघडे पडले आहेत.

टर्बोचार्जरचे मूळ तत्त्व सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एका लहान चक्राला, म्हणजे टर्बाइनला फिरवतात, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले कॉम्प्रेसरचे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. सिलिंडरमध्ये हवा जितकी अधिक, तितके अधिक इंधन जाळता येते आणि तितकी अधिक ताकद मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, त्याला आता शतक उलटून गेले आहे. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि टर्बाइनवर येणारे वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असतात. एवढा वेग आणि एवढी उष्णता सोसणारा तो दांडा केवळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, ही बाब फेरफार करणाऱ्याने प्रथम मनावर घ्यावी, कारण ऑइल वेळेवर बदलण्याइतका स्वस्त आणि गुणकारी ‘बदल’ दुसरा नाही. हवेचा दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून काही वायू टर्बाइनला वळसा घालून सोडून देणारी झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. ती केव्हा आणि किती उघडायची, हे इंजिनाचा नियंत्रक संगणक, म्हणजे ईसीयू ठरवतो.

याच ठिकाणी आज्ञावलीचे महत्त्व लक्षात येते. पाचव्या पिढीतील जीटीआय २०० अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटर टॉर्क देते. टॉर्क म्हणजे दांड्याला मिळणारा पीळ, ज्याच्या जोरावर गाडी पुढे रेटली जाते. हा टॉर्क १,८०० ते ५,००० फेऱ्यांपर्यंत सारखाच राहतो, आणि त्याचा आलेख एखाद्या पठारासारखा सपाट दिसतो. हा सपाटपणा नैसर्गिक नसून संगणकाने घातलेल्या मर्यादेचा परिणाम आहे. मधल्या फेऱ्यांत टर्बोला याहून अधिक हवा देता येते, पण ती दिली जात नाही. ही मर्यादा उचलून, दाब, प्रज्वलनाची वेळ आणि इंधनाचे प्रमाण यांची कोष्टके नव्याने लिहिण्याच्या क्रियेला रिमॅपिंग म्हणतात. स्टिअरिंगखालच्या निदान-जोडणीतून, म्हणजे ओबीडी पोर्टमधून ती करता येते. मूळचे सर्व भाग तसेच ठेवून केलेल्या रिमॅपनंतर हे इंजिन साधारण २४० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते. व्यवसायात याला ‘स्टेज वन’ म्हणतात. मोठा इंटरकूलर आणि मोकळा एक्झॉस्ट जोडला की ‘स्टेज टू’, टर्बोच बदलला की ‘स्टेज थ्री’, अशी पुढची मोजणी असली, तरी या पायऱ्यांना कोणतीही अधिकृत व्याख्या नाही आणि त्या मुख्यत्वे विक्रेत्यांच्या सोयीच्या आहेत.

कंपनीने ही ताकद हातची का राखली, हा प्रश्न साहजिक आहे. गाडी उष्ण वाळवंटात, उंच घाटात आणि हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही वर्षानुवर्षे चालावी, उत्सर्जनाच्या कसोट्यांत बसावी आणि वॉरंटीच्या काळात कारखान्याच्या दारी परत येऊ नये, यासाठी ती राखीव असते. रिमॅप करणारा मालक ही राखीव शिल्लकच खर्ची टाकत असतो. त्याच इंजिन-कुळातून कंपनीने स्वतः अधिक ताकद काढली तेव्हा तिने काय केले, हे पाहणे म्हणून उद्‌बोधक ठरते. २००६ मध्ये आलेल्या ‘एडिशन ३०’ या जीटीआयला २३० अश्वशक्ती होती, तर आउडी एस३ या भावंड गाडीत हेच मूळ इंजिन २६५ अश्वशक्ती देत असे. परंतु त्यासाठी मोठा टर्बो बसवण्यात आला, पिस्टनसारखे अंतर्भाग अधिक दणकट करण्यात आले आणि सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते गुणोत्तर १०.५ वरून ९.८ पर्यंत खाली आणण्यात आले. कारखान्याला ज्या मजबुतीची गरज वाटली, तिच्याविना तेवढीच ताकद मिळवून देण्याची हमी कोणी देत असेल, तर ती सावधपणेच ऐकलेली बरी.

दाबाचे गुणोत्तर कमी करण्यामागे नॉकिंगचे भय असते. दाबलेले मिश्रण प्लगच्या ठिणगीने क्रमाक्रमाने पेटण्याऐवजी उष्णता आणि दाब यांमुळे एखाद्या कोपऱ्यात आपोआप भडकले, की सिलिंडरमध्ये हादरे बसतात आणि ते प्रबळ असतील, तर पिस्टनच्या कडा फुटतात. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे अशा अकाली भडक्याला तोंड देण्याची त्याची क्षमता. युरोपात ९५ ऑक्टेनचे पेट्रोल सर्वसाधारण मानले जाते आणि ९८चे सहज मिळते. भारतातील साधे पेट्रोल पूर्वी ९१चे असे आणि त्यावरील प्रती निवडक पंपांवरच मिळत. रिमॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिलेला असेल, त्याहून हलके पेट्रोल भरल्यास नॉक-सेन्सर प्रज्वलन मागे ओढून इंजिन सांभाळून घेतो खरा, पण मग विकत घेतलेली ताकद त्या टाकीपुरती नाहीशी होते.

हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ असते, तसेच नॉकिंगला आमंत्रण देते. म्हणून कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. पहिल्या जोरदार प्रवेगात तो आपले काम चोख बजावतो, परंतु लागोपाठ चौथ्या-पाचव्या वेळी त्याचे धातूचे अंग तापून गेलेले असते आणि संगणक नाइलाजाने ताकद कमी करतो. मोठ्या इंटरकूलरमुळे कमाल ताकदीचा आकडा फारसा वाढत नाही, मात्र ती ताकद टिकून राहते, आणि उष्ण हवामानात याला दुप्पट महत्त्व येते. याउलट सर्वांत आधी विकत घेतला जाणारा भाग म्हणजे उघड्या शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. त्याने टर्बोचा फुत्कार छान ऐकू येतो. परंतु तो इंजिनशेजारची तापलेली हवा ओढत असेल, तर मूळच्या बंदिस्त डब्यापेक्षा परिणाम वाईटच होतो. आवाजाला ताकद समजण्याची चूक या छंदात सर्वाधिक होते. ॲक्सिलरेटर सोडताच एक्झॉस्टमधून फटाके वाजावेत, यासाठी प्रज्वलन उशिरा करून जळते मिश्रण मुद्दाम नळीत सोडणारी आज्ञावली अलीकडे फार मागितली जाते, आणि तिच्यापायी टर्बाइन, झडपा व उत्प्रेरक, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हे तिन्ही भाजून निघतात. एवढी किंमत मोजून शेजाऱ्यांची झोपमोड तेवढी पदरात पडते.

रिमॅप करण्याआधी गाडीची प्रकृती तपासणे अगत्याचे आहे, आणि हा भाग घरच्या कारागिराला सर्वांत अनुकूल आहे, कारण येथे पैशापेक्षा चिकाटी लागते. प्रस्तुत इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शंभराहून अधिक बार दाबाने फवारले जाते, आणि हा दाब निर्माण करणारा पंप कॅमशाफ्टच्या उंचवट्याने चालतो. दोहोंमध्ये वाटीच्या आकाराचा एक लहानसा पोलादी तुकडा असतो, त्याला कॅम फॉलोअर म्हणतात. त्याच्या माथ्यावरचा काळा कठीण लेप झिजला, की उंचवटा त्या वाटीला भोक पाडतो आणि मग पंप व कॅमशाफ्ट दोन्ही खराब होतात. ज्याची किंमत एखाद्या सुमार जेवणाएवढी, असा हा तुकडा वेळीच न बदलल्याने संपूर्ण कॅमशाफ्ट बदलावे लागल्याची उदाहरणे या इंजिनाच्या बाबतीत सर्वपरिचित आहेत. पंप तीन बोल्ट काढून बाहेर घेता येतो आणि तपासणी घरी होते, मात्र त्याआधी इंधनाचा दाब उतरवून घेणे आवश्यक असते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर साठलेला दाब परत वळवणारी डायव्हर्टर झडप हा दुसरा कच्चा दुवा; तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतील रबरी पडदा फाटे आणि दाब गळत राही. तिसरा दोष थेट फवारणीच्या पद्धतीतच आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल झडपांच्या मागून येई आणि त्या आपोआप धुतल्या जात. येथे ते सिलिंडरमध्येच पडत असल्याने झडपांच्या पाठीवर ऑइलच्या वाफेची काजळी साठत जाते आणि हवेचा मार्ग अरुंद होतो. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या झोताने मारून ही काजळी काढतात. टरफल काजळी खरवडण्याइतके कठीण, तरी धातूवर ओरखडा उठू न देण्याइतके मऊ असते. या तीन कामांनंतर अनेक गाड्यांना आपली हरवलेली मूळ ताकद परत मिळते, आणि मालकाचे निम्मे समाधान रिमॅपशिवायच होऊन जाते.

आता ताकद पेलण्याकडे वळता येईल. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत तीच चाके वळण्याचे कामही करतात, त्यामुळे टॉर्क वाढला की एखादे चाक जागीच फिरू लागते आणि स्टिअरिंग हाताला हिसके देते. ज्या चाकाला पकड कमी, त्याच्याकडेच ताकद वाहून जाण्याचा साध्या डिफरेन्शियलचा स्वभाव असतो. तो आवरणारे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल बसवण्यासाठी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो, म्हणून घरगुती कामाच्या कक्षेबाहेरच ते मानावे. फोक्सवॅगनने स्वतः सातव्या पिढीतील जीटीआयच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीत अशी यांत्रिक सोय दिली. तिच्या तुलनेत चांगले टायर बसवणे सोपे असून प्रवेग, वळण आणि ब्रेक या तिन्हींचा लाभ एकदम होतो. गिअरबॉक्सच्या बाबतीत ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, ३५० न्यूटन-मीटरसाठी आखलेला आहे, म्हणजे ‘स्टेज वन’लाच तो मर्यादेवर पोहोचतो, तर हाताने बदलण्याच्या गिअरमध्ये क्लच घसरू लागणे ही पहिली सूचना समजावी.

गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता पचवावी लागते. लाल रंगाचे मोठे कॅलिपर दिसायला भारदस्त असले, तरी पहिला पैसा चांगल्या पॅडवर आणि ताज्या ब्रेक ऑइलवर खर्च व्हावा. हे द्रव हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा मुरल्यावर त्याची किमान अपेक्षा १५५ अंशांची असते. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकते.

रूपाच्या बाबतीत जीटीआयची परंपरा संयमाची आहे. पहिल्या गाडीत जाळीभोवतीची बारीक लाल रेघ, चौकडीच्या कापडाच्या आसनपट्ट्या आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ एवढीच सजावट होती, आणि त्यांतील कापड व मूठ ही गुनहिल्ड लिलियेक्विस्ट या महिला डिझायनरची देणगी. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मॅक्स पॉवर’ मासिकाच्या भरभराटीबरोबर फायबरग्लासचे रुंद बंपर, विमानाला शोभतील असे पंख आणि डिक्की भरून टाकणारे स्पीकर यांची लाट आली. ती ओसरली, आणि आज पुन्हा कारखान्यातूनच तशी निघाल्यासारखी वाटणारी गाडी अधिक प्रतिष्ठेची मानली जाते. जुन्या रंगाचे तेज परत आणणे हे घरी करता येण्याजोगे सर्वांत समाधानाचे काम. मात्र वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असल्याने पॉलिश-यंत्राचा उत्साह आवरता घ्यावा लागतो.

चाके आणि उंची हे रूप व वर्तन यांना जोडणारे बदल आहेत. मूळच्या २२५/४५ आर१७ टायरऐवजी २२५/४० आर१८ घेतल्यास रिम इंचाने वाढूनही एकूण व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे वेगदर्शक चुकत नाही. परंतु टायरची भिंत बारीक होऊन खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो, आणि जड चाकांमुळे स्प्रिंगखालील वजन वाढून गाडी रस्त्यावर उसळते. आखूड स्प्रिंग टाकून गाडी तीस मिलिमीटर खाली आणली, की चाकांचे कोन बदलतात. ते पुन्हा जुळवून न घेतल्यास टायर आतल्या बाजूने काही महिन्यांत झिजतात. या कामातच सर्वांत गंभीर इजा संभवते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा निसटली तर प्राणघातक ठरू शकते, म्हणून योग्य स्प्रिंग-कॉम्प्रेसर वापरावा. तसेच केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम स्टँड लावूनच काम करावे. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट नेमका किती आवळला ते मोजणारा पाना, हे या छंदातील अनिवार्य हत्यार आहे. गोल्फच्या चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळतात, आणि अंदाजाने आवळलेला बोल्ट सैल राहतो किंवा ताणून कमकुवत होतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध चाकणमुळे येतो. पुण्याजवळच्या तेथील कारखान्यात २००९च्या अखेरीस फोक्सवॅगन पोलोचे उत्पादन सुरू झाले, २०१३ मध्ये तिची १.२ लिटर टर्बोची, १०५ अश्वशक्तीची जीटी टीएसआय आवृत्ती आली, आणि २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबेपर्यंत भारतीय तरुणांच्या मनात हॉट हॅचची जागा बहुतांशी याच गाडीने घेतली होती. खरी पोलो जीटीआय २०१६ मध्ये आयात होऊन मोजक्या संख्येत आली, पण तिची सुमारे २६ लाखांची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. १७५ न्यूटन-मीटरच्या जीटी टीएसआयला कोरड्या क्लचचा सात गिअरचा जो डीएसजी जोडलेला आहे, तो २५० न्यूटन-मीटरपर्यंत चालणारा असल्याने माफक रिमॅपला वाव राहतो. मात्र ४० अंशांच्या उन्हात, तुंबलेल्या रहदारीत सतत घसरत चालणारा हाच कोरडा क्लच मूळ ताकदीतही लवकर झिजतो, याचा विसर पडू देऊ नये.

कायद्याची चौकट मात्र देशागणिक वेगळी आहे. जर्मनीत बाजारातील चांगल्या भागांसोबत चाचणीचे प्रमाणपत्र मिळते, गरज असेल तेथे टीयूव्हीसारख्या संस्थेचा तपासनीस गाडी पाहतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदांवर होते. नोंदीविना केलेल्या गंभीर बदलाने गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपुष्टात येते. ब्रिटनमध्ये मुळात असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकल्यास गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर महागात पडतो. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या नोंदणीतील, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग बदलायचा असेल, तर त्याची आरसी पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. जर्मनीप्रमाणे भाग तपासून नोंदवून घेण्याची सुटसुटीत वाट येथे सामान्य मालकाला उपलब्ध नसल्याने चांगले ब्रेक बसवणारा आणि कर्कश सायलेन्सर लावणारा, दोघेही एकाच संशयाच्या रांगेत उभे राहतात, ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे.

याच कारणांमुळे जाणकार मालक काढलेला प्रत्येक मूळ भाग खोक्यात जपून ठेवतात. पाचव्या पिढीतील जीटीआय आता जुनी होत चालल्याने मूळ स्थितीतील गाडी दुर्मीळ झाली आहे, आणि विकताना तिला फेरफार केलेल्या गाडीपेक्षा चांगला भाव येतो. जास्तीचे भाग वेगळे विकता येतात. आज्ञावली मात्र खोक्यात ठेवता येत नाही. ती पूर्ववत लिहिली, तरी अनेक नव्या नियंत्रकांत किती वेळा लेखन झाले याची नोंद शिल्लक राहते, आणि बदललेली आज्ञावली अधिकृत वर्कशॉपच्या तपासणीत आढळली, तर फोक्सवॅगन समूहाच्या नोंदीत त्या गाडीपुढे ‘टीडी१’ असा शेरा पडतो, ज्यानंतर इंजिन वा गिअरबॉक्सच्या बिघाडावरील वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.